लहान्याच्या पुढच्या चाकाचा आवाज

जव्हारला माझ्या घराच्या कुंपणाला लागून, रस्त्याच्या वळणावर पत्र्याची एक शेड आहे. तिथे लहान्या मोटरसायकली दुरुस्त करतो. ही जागा त्याला माझ्या यजमानांनी दिली आणि ते गेल्यावर मी ती तशीच राहू दिली. शेडवर पाटी नाही. साखरशेतहून, दाभोशाहून, मोखाड्याकडून येणारे लोक ‘बाईंच्या दारातला लहान्या’ एवढ्याच पत्त्यावर बरोबर पोचतात.

बाई म्हणजे मी. पोशेऱ्याच्या बाजूला एका आश्रमशाळेत मी बरीच वर्षे शिकवत होते, तेव्हा लहान्या माझ्या वर्गात होता. पाढ्यांशी त्याचे कधी जमले नाही. मात्र व्हरांड्यातल्या पावलांवरून कोणते गुरुजी येत आहेत हे तो बिनचूक सांगायचा आणि सारा वर्ग त्याच्या भरवशावर दंगा करायचा. एकदा मी चप्पल बदलली आणि सगळे पकडले गेले. मुलांनी त्याला धरले, तर तो म्हणाला, "बाईंनी नवीन चप्पल घेतली ते मना कोणी सांगितलं?"

आता त्याच्या केसांत पांढरे आले आहे, पण कान तेच आहेत. गाडी शेडसमोर उभी राहायच्या आधी तिचे काय दुखते ते त्याला कळलेले असते. त्यातही चाकाचे बेरिंग हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. आमच्याकडे पावसाळ्यात ओहोळ रस्त्यावरून वाहतात आणि गाड्या त्यातून ढकलत न्याव्या लागतात. पाणी चाकाच्या मध्यात शिरते, ग्रीस धुऊन जाते, आतल्या गोळ्या गंजतात. दिवाळीपर्यंत अर्ध्या तालुक्याची चाके कण्हायला लागतात.

लहान्या आधी चाक अधांतरी करून हाताने फिरवतो आणि दुसरा हात गाडीच्या दांड्यावर ठेवतो. डॉक्टर पाठीवर हात ठेवून खोकायला सांगतात, तसे. चाक गोड चालत असेल तर, "काय झालं नाय याला. उगाच हात लावायचा नाय," म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवतो. पण हाताला खडा लागला की मग तो कुणाचे ऐकत नाही. बेरिंग ठोकून बाहेर काढतो, डिझेलमध्ये धुतो, बोटावर चढवून कानाशी फिरवतो आणि नवीन आणायला सांगतो.

इथे हमखास वाद होतो. साखरशेतचा रोहिदास, स्वतः शिक्षक, दर वर्षी तोच वाद घालतो.

"अरे, धुतल्यावर बघ किती छान फिरतंय. ग्रीस भर आणि हेच बसव. अजून एक पावसाळा काढील."

"काढील की सर. पण कुठं अडकून बसायचं ते मग ते घाटात ठरवील."

"तू काढायच्या आधी तर चालत होतं."

"मी ठोकलं ना सर. हातोडीचा मार आतल्या गोळ्यांनी खाल्ला. वरून दिसत नाय. माणसाचं पण तसंच, फक्त माणूस बदलता येत नाय."

ठोकून काढलेले बेरिंग परत चाकात जात नाही, हा त्याचा नियम. आणि दुसरा नियम असा की काढलेले जुने बेरिंग वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ज्याचे त्याच्या हातात द्यायचे. आपण खरोखर बदलले याचा तो पुरावा. लोकही ते फेकत नाहीत. आमच्या डोंगरात लोखंड फेकायची रीत नाही. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड लागते, आणि कोयता कामाला गेलेला असला तर बेरिंगची कडीही चालते. दाभोशाच्या एकाने आपल्या मासे धरायच्या पाग्याच्या जाळ्याला वजन म्हणून बेरिंगे ओवली आहेत. मुले फळीला बेरिंगे ठोकून उतारावरून गाडी सोडतात. चाकातून सुटलेले बेरिंग असे कुठे ना कुठे संसाराला लागते.

एवढे सगळे सांगून झाल्यावर हेही सांगायला हवे की लहान्याच्या स्वतःच्या गाडीचे पुढचे चाक वर्षानुवर्षे रडत होते. शंभर सीसीची जुनी गाडी. इंजिन असे की घड्याळ लावावे, पण पुढचे चाक फिरले की किर्र... किर्र... असा आवाज. बारीक नाही, भसाडाही नाही, झाडावरच्या किड्याने मध्येच दम घ्यावा तसा.

त्याची बायको मीना दुपारी डबा घेऊन आली की शेडसमोर बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकवायची, "सगळ्या तालुक्याची चाकं बदलतो आणि आपण किरकिरत येतो. मना बरं पडतं तसं. वळणावर वाजला की मी तवा चुलीवर ठेवते."

मीही त्याला टोकायची. "लहान्या, तुझं बेरिंग कधी बदलणार?"

"गिऱ्हाइकांचं आधी होऊ द्या ना बाई."

"तोवर?"

"अजून एक पावसाळा काढील," तो म्हणायचा आणि माझ्याकडे बघायचे टाळायचा. मी त्याच्या गाडीवर मागे बसायचे मग कायमचे नाकारले. माझ्या वयाला जीप बरी.

गेल्या थंडीत त्याने आपल्या पाड्यासाठी एक काम केले. पोशेऱ्याच्या पलीकडे डोंगराच्या पोटात त्याचा पाडा आहे. त्याचा भाऊ अजून तिथे भात आणि नाचणी करतो. पाड्याला एक विहीर आहे, उतारावर खाली. विहिरीवर लोखंडी कमान आणि कमानीला कप्पी. ती जुनी कप्पी एका साध्या खिळ्यावर फिरायची, म्हणजे फिरायची कमी आणि कुरकुरायची जास्त. उन्हाळ्यात पाणी तळाला जाते, दोर लांब होतो, आणि हंडा वर येईपर्यंत बायकांचे खांदे भरून येतात.

लहान्याने एक नवीन चाक करून घेतले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोटरसायकलच्या पुढच्या चाकातली जुनी बेरिंगे बसवली. त्यासाठी त्याने आपला नियम पहिल्यांदा वाकवला, गिऱ्हाइकांकडून जुनी बेरिंगे मागून घेतली.

मी विचारले, "चाकात जात नाहीत म्हणतोस, मग विहिरीवर कशी चालतात?"

"गाडीत हे जीव घेईल बाई. विहिरीवर त्याला घाई नाय. हंडा काय घाटातून उतरायचा हाय?"

निवडून, धुऊन, ताजे ग्रीस भरून त्याने कप्पी चढवली. बायकांनी तिला हळदकुंकू लावले. लहान्याच्या भावाची बायको रामी मला सांगत होती, "बाई, एका हातानं हंडा येतो वर. आणि आवाज म्हणून नाय. पाणी चोरून नेल्यासारखं वाटतं." जुनी कप्पी भंगारवाल्याबरोबर गेली. लहान्या पुढचे काही दिवस फार आनंदात होता. शेडमध्ये शीळ घालत काम करायचा, आणि शीळ त्याला पाढ्यांइतकीच येते.

शिमग्याला पाड्यावर या, असे लहान्या दर वर्षी म्हणतो. या वर्षी मी गेले, त्याच्यापेक्षा फागीला भेटायला.

फागी आमच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. मुले तिला मावशी म्हणायची आणि लहान्या अजून म्हणतो. मोठमोठ्या पातेल्यांतला भात तिने एकटीने उतरवलेला मी पाहिला आहे. आता तिच्या डोळ्यांना सावल्यांपलीकडे फारसे दिसत नाही. घर पाड्याच्या टोकाला, मोहाच्या झाडाजवळ. नवरा गेला. मुलगा वामन भिवंडीला गोदामात कामाला आहे, बायकामुलांसह तिकडेच राहतो. फागी एकटी राहते, पण तिच्याकडे पाहून एकटी हा शब्द कधी सुचला नाही.

आमच्या पाड्यांवर पाहुणा दारात टेकला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. बोलणे त्यानंतर. मी फागीच्या ओट्यावर बसले, ती माझ्या हातावरून हात फिरवत बसली, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, जुन्या मुख्याध्यापकांच्या टकलाची आठवण निघाली. तांब्या आला नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाई, कोरा चहा ठेवला असता. जरा थांबा. विहिरीवर कोणी दिसतं का बघा बरं."

मी वाकून पाहिले. विहीर रिकामी होती. घरात डोकावले तर हंडा पालथा आणि कळशीच्या तळाशी ओल होती.

"फागी, अगं पाणी कुठं आहे?"

"आणते ना. कोणी आलं की जाते."

तेवढ्यात वामन मागच्या दाराने आला. शिमग्याला तो दर वर्षी येतो. त्याच्या हातात दोरीने बांधलेले गाठोडे होते, आणि ते आईच्या लुगड्यांचे होते.

"बाई, तुम्हीच सांगा हिला," तो म्हणाला. "मी आलो तेव्हा घरात प्यायला घोटभर पाणी नव्हतं. पाड्यातली एक बाई फिरकत नाय. खाली-पीली कशाला राहायचं इथं? उद्या सकाळच्या जीपला हिची जागा सांगून ठेवलीय. भिवंडीला नळ हाय."

"नळाजवळ बसून मी काय करू?" फागी म्हणाली.

"पाणी पी."

"मी पाण्याला जाते. पाणी माझ्याकडं यायला लागलं की माणूस बसतो, मग उठत नाय." तिने गाठोड्याकडे तोंड फिरवले. तिला ते दिसत नव्हते, पण कुठे आहे ते माहीत होते.

मी रामीकडे गेले. मला वाटले होते काही भांडण झाले असेल. रामी उलट तक्रारीच्याच सुरात होती.

"म्हातारी रुसली बाई. आधी रोज यायची विहिरीवर. आमी दोर सोडला की ही कळशी घेऊन हजर. आता येतच नाय. मी दोनदा हंडा नेऊन दिला, तर म्हणते, मी काय आजारी हाय? आणि वर माझ्या पोराच्या हातात कोंबडीची अंडी घातली. पाण्याचं कोणी काय देतं का? आमाला पण वाईट वाटतं."

लहान्या शेजारी बसून मोहाच्या पानाचा द्रोण उलगडत होता. त्याने हातातले पान खाली ठेवले.

"वहिनी, ती यायची तेव्हा तिला बोलवायला कोण जायचं?"

"कशाला कोण जाईल? विहिरीवर बोलवत नायत, यायचं असतं."

आणि हे खरेच होते. इथली रीत मी इतकी वर्षे पाहिली होती. जिच्या हातात दोर, ती जवळ आलेल्या म्हाताऱ्या बाईची कळशी आधी भरते. कुणी विचारत नाही, कुणी आभार मानत नाही. पण म्हातारीने पोचायला हवे. ‘मला पाणी काढून दे’ असे कुणाच्या दारात जाऊन म्हणणे ही वेगळी गोष्ट. ते फागी मरेपर्यंत करणार नाही.

लहान्या उठून फागीच्या ओट्यावर आला. "मावशी, तुला कसं कळायचं विहिरीवर कोणी हाय ते?"

फागीला त्याला दुखवायचे नव्हते. मग म्हणाली, "विहीर बोलायची ना रे. कुरकुर सुरू झाली की मी निघायची. मी पोचेपर्यंत कोणाचा तरी दुसरा हंडा चाललेला असायचा. आता ती बोलत नाय. मी अंदाजानं जाते, तर कोणी नसतं. कप्पी तू चांगली केलीस. बायांचे खांदे वाचले. ते खोटं नाय."

लहान्या विहिरीकडे बघत राहिला. शाळेत चप्पल बदलल्याचे कळले तेव्हा त्याचा चेहरा असाच झाला होता. जीप दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

त्याने आधी सोपे वाटले ते केले. कप्पी उतरवून बेरिंगांतले सगळे ग्रीस धुऊन काढले आणि ती कोरडी चढवली. रामीने दोर सोडला. कप्पीतून फक्त सुस्कारा आला. मग लहान्या गाडीवर बसून जव्हारला गेला, गिऱ्हाइकांकडून मागून आणलेल्या जुन्या बेरिंगांचा डबा घेऊन आला, गाडी वर भावाच्या दारात लावली आणि डबा खांद्यावर टाकून विहिरीवर उतरला. होळीची लाकडे रचायचे सोडून निम्मा पाडा तिथे जमला.

रीत अशी ठरली की लहान्याने बेरिंग बसवायचे, रामीने हंडा ओढायचा, आणि मी फागीजवळ ओट्यावर बसून ती काय म्हणते ते ओरडून कळवायचे. शाळा सोडल्यापासून एवढ्या मोठ्याने मी बोलले नव्हते.

पहिल्या बेरिंगाला फागी म्हणाली, "काय लागलं का?" म्हणजे तिला ऐकूच आले नव्हते. दुसरे इतके गंजलेले होते की दोर अडकला आणि हंडा मध्येच लोंबकळत राहिला.

"लहान्या, विहिरीला सर्दी लावतोस का?" रामी म्हणाली. "आणि ते जुनं कुरकुरणारं आमाला परत नको हां. मावशीचे कान आणि आमचे खांदे, दोन्ही सांभाळ."

"एका बाजूला चांगलंच ठेवलंय वहिनी. दुसरं फक्त बोलायला."

"मग बोलकं आण. हे मुकं हाय."

तिसरे बोलले, पण त्यावर फागी इतकी हसली की तिला ठसका लागला. "सांगा त्याला बाई, ही विहीर नाय, डुक्कर हाय. पोरं पळतील." त्यानंतरची काही नुसती खडखडली. वाऱ्याने पत्रा हलला तरी तिला तोच आवाज वाटणार होता. संध्याकाळपर्यंत डबा संपला. वामन मोहाखाली बसून हे सगळे बघत होता. तो कुत्सित माणूस नाही. लहान्या दमून येऊन शेजारी बसला, तेव्हा त्याने त्याला तंबाखू मळून दिली आणि म्हणाला, "राहू दे रे. तू काय मुद्दाम केलंस? मला तिला अशी ठेवून तिकडं झोप लागत नाय, बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी लहान्या कप्पी उतरवायला निघाला. ती जव्हारला नेऊन शांतपणे काहीतरी करायचे, असे त्याच्या डोक्यात होते. फागी तोवर भिवंडीला गेलेली असणार, हे त्याला कळत होते, पण दुसरे काही सुचत नव्हते. कप्पी जड, वर चढवत न्यायची म्हणून तो गाडीच घेऊन विहिरीकडे उतरला. एरवी त्याची गाडी भावाच्या दाराच्या खाली कधी जात नाही.

आमच्याकडे उतार लागला की सगळे जण इंजिन बंद करतात. पेट्रोल वाचते. गाडी आपली घरंगळत येते. लहान्याचीही तशीच आली, इंजिन गप्प आणि पुढचे चाक तेवढे बोलत. किर्र... किर्र... किर्र...

मी फागीच्या ओट्यावर दात घासत होते. फागी आत होती. ती बाहेर आली, खुंटीवरची चुंबळ डोक्यावर ठेवली, कळशी उचलली आणि पायवाटेने चालू लागली. हाताने बांधाची दगडे चाचपत, पण न थांबता. मला वाटले ती मोहाकडे चालली आहे. पाहते तर ती सरळ विहिरीवर गेली आणि कळशी टेकवून उभी राहिली.

"कोण हाय?" तिने विचारले. "रामी का?"

"मी हाय मावशी. लहान्या."

"तू पाणी काढतोस?"

"नाय. गाडी उभी करतोय."

फागी रागावली. "मग वाजवतोस कशाला? मना वाटलं कोणी दोर सोडलाय."

मग खाली वाकून त्याने आपल्या पुढच्या चाकाकडे पाहिले, जणू ते आजच गाडीला लागले होते. मी मागून पोचले, तेव्हा तो चाक हातांनी वर धरून फिरवत होता आणि फागी मान कलती करून ऐकत होती.

"हाच का, मावशी?"

"जरा हळू फिरव. हां. हाच."

पुढचे सगळे फार भरभर झाले. गाडी दगडांवर टेकवली, चाक सुटले, लहान्याने लोखंडी नळी लावून हातोडी मारली आणि ते रडणारे बेरिंग मातीत पडले. त्याने ते धुतलेही नाही. "धुतलं तर सूर बदलंल," म्हणाला. कप्पीत एका बाजूला चांगले बेरिंग तसेच ठेवून दुसऱ्या बाजूला हे बसवले. तोवर रामी आणि बाकीच्या जणी हंडे घेऊन आल्या होत्या.

"मावशी, तू घरी जा," लहान्या म्हणाला. "आत जाऊन बस. आमी कधी दोर सोडणार ते सांगणार नाय."

फागी परत गेली. मी तिच्याबरोबर गेले. वामन ओट्यावर गाठोड्याजवळ बसला होता. वर रस्त्यावर जीप येऊन लागल्याचे दिसत होते, टपावर कोणाच्या तरी कोंबड्यांची पाटी चढत होती. फागी आत चुलीपाशी बसली आणि जणू काही चाललेच नाही अशी राख सारखी करत राहिली.

मग ते सुरू झाले. आधी हळू, मग दोराला ओढ लागली तसे सलग. पोकळ कमानीतून ते गाडीतल्यापेक्षा मोठे होऊन येत होते. फागी उठली. चुंबळ, कळशी, उंबरा. वामन झटकन उठून कळशी घ्यायला पुढे झाला.

"बस खाली," फागी म्हणाली. आश्रमशाळेत भाताच्या रांगेत घुसणाऱ्या मुलांना ती याच आवाजात सांगायची. वामन बसला.

ती उतरून गेली. आम्ही दोघे वरून बघत होतो. ती पोचली तेव्हा रामीचा हंडा वर आला होता. रामीने फागीकडे पाहिले नाही, काही बोलली नाही, हंडा कलता करून तिची कळशी भरली. मग तिच्याने राहवले नाही. तिचा आवाज वरपर्यंत आला.

"संपला का रुसवा?"

"मी कशाला रुसू? तुमीच चोरासारखं पाणी भरत होत्या."

बायका हसल्या. कळशी डोक्यावर घेऊन फागी पायवाटेने वर आली, आत गेली, आणि प्रथम तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला. दुसरा वामनपुढे. वामनने तांब्या हातात धरून ठेवला.

"आज झालं, आई. उद्या?"

"उद्या परत वाजंल."

"आणि ते बिघडलं तर?"

"बिघडलेलंच हाय ते," फागी म्हणाली. "अजून काय बिघडणार?"

वरून जीपवाल्याने हॉर्न दिला. वामन पाणी प्यायला, सावकाश, मग त्याने गाठोड्याची गाठ सोडून लुगडी खाटेवर ठेवली. "आखातीला येतो. तेव्हा बघतो," एवढाच अक्षय तृतीयेचा वायदा त्याने केला. आईच्या पाया पडला आणि निघाला.

रस्त्यावर लहान्या आधीच येऊन उभा होता. हातात त्याचे पुढचे चाक होते, मधोमध भोक पडलेले.

"वामन, मावशीची जागा रिकामी असंल तर मी बसू का? जव्हारला उतरीन. नवीन बेरिंग घालून घ्यायचंय."

जीपमधून रोहिदास सरांनी मान बाहेर काढली. त्यांची सासुरवाडी त्याच बाजूला आहे. सारा प्रकार त्यांना आमच्याही आधी कळलेला दिसत होता.

"अरे लहान्या, त्या डब्यातलं एखादं धुऊन बसव की. अजून एक पावसाळा काढील."

"ठोकून काढलेलं चाकात जात नाय सर."

"मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं ठोकलं कुठं होतं?" लहान्या म्हणाला आणि चाक मांडीवर घेऊन फागीच्या जागेवर बसला.

त्यानंतर आता आखातीही होऊन गेली. वामन येऊन गेला, सकाळी ओट्यावर बसून त्याने आईला दोन खेपा करताना पाहिले आणि गाठोड्याचे नाव काढले नाही. पाड्यातली पोरे विहीर वाजू लागली की अजून ‘लहान्याकाका आला’ म्हणून ओरडतात. फागीला ते आवडत नाही. ती म्हणते, लहान्या आला म्हटलं की चहा ठेवावा लागतो.

इकडे मीनाची पंचाईत झाली आहे. नवरा वळणावर वाजत नाही, एकदम दारात उभा राहतो आणि तवा थंड असतो. वळणावर आता हॉर्न वाजवायचा असा तिने हुकूम काढला आहे. तो कधी वाजवतो, कधी विसरतो. मी एकदा त्याच्या मागे बसून दवाखान्यात जाऊन आले. चाक गोड चालते. खोटे कशाला बोलू, थोडे चुकल्यासारखे वाटले.

पावसात ते कप्पीतले बेरिंग गंजून अडकेल, हे लहान्याला माहीत आहे. म्हणून हल्ली कुणाचे पुढच्या चाकाचे बेरिंग निघाले की तो ते कागदात गुंडाळायच्या आधी कानाशी नेतो आणि बराच वेळ फिरवतो. परवा दाभोशाचे एक गिऱ्हाईक कंटाळून म्हणाले, "किती ऐकतो? खराब हाय ना?"

"खराब हाय म्हणून तर. मना देशील का?"

मग कुंपणावरून हात लांब करून ते त्याने माझ्या कानाशी धरले.

"बाई, कसं वाटतं? मावशीला चालंल?"

मी हातातली शेंग सोलायची थांबून नीट ऐकले.

"जरा बारीक आहे," मी म्हणाले. "अजून बघ."